सव्वादोन फूट

गायकवाड, तुम्हाला जाऊन एकवीस दिवस झाले. शोकसभेत मी बोललो नाही. तुमच्या मुलीने, सुजाताने, दोनदा खुणावले. मी मान हलवून नकार दिला. चार माणसांत उभे राहून तुमचे गुण सांगणे मला जमले नसते, आणि ते ऐकणे तुम्हाला सोसले नसते. माझ्यापुढे सध्या एकच काम आहे. एक छापील परिच्छेद बदलायचा की तसाच ठेवायचा, हे शुक्रवारपर्यंत ठरवायचे आहे. या विषयावर बोलण्याजोगा माणूस तुम्हीच होता, म्हणून तुम्हालाच लिहितो.

परिच्छेद तुमच्या परिचयाचा आहे. ज्या चित्रपटाच्या पार्श्वसंगीताची आपण दोघांनी तीस वर्षे वाट पाहिली, त्याचा दोन रेकॉर्डींचा संच गेल्या वर्षी निघाला. सोबतच्या पुस्तिकेतील टिपण माझे. त्यात मी लिहिले आहे: ‘सातव्या रिळात नायिका घर सोडून निघते, तेव्हा क्लॅरिनेटची सुरावट पायरीपायरीने चढत जाते. ती वर पोचून विसावणार असे कानाला वाटत असतानाच संगीतकार मधले स्वर गाळून तिला थेट उतरणीवर आणतो. निरोपाचा क्षण असा वगळून दाखवण्याचे धैर्य आपल्या चित्रपटसंगीतात दुर्मीळ आहे.’

वाक्ये बरी आहेत. तुम्ही ती दोनदा वाचलीत, मध्ये एकदा चष्मा पुसलात आणि म्हणालात, “हे त्यांनी नाही गाळलेलं, साहेब. ते मी कापलंय.”

पहिली आवृत्ती संपली. दुसरी निघते आहे. संच काढणाऱ्या संस्थेतील बाईंनी फोन करून सांगितले की काही दुरुस्ती असल्यास शुक्रवारपर्यंत कळवावी, नसल्यास मजकूर जसाच्या तसा जाईल. काहीच न करणे, हाही एक पर्याय आहे. तो सर्वांत सोपा आहे आणि त्यात माझी चूक कोणालाही कधीच कळणार नाही. ती सांगू शकणारा एकमेव माणूस आता नाही.

आपली ओळख भंगाराच्या दुकानात झाली. मी वजनमापे निरीक्षक होतो. कल्याणच्या बाजारातील एका रद्दीवाल्याच्या तराजूबद्दल तक्रार होती, म्हणून गेलो होतो. दुकानात तुम्ही उकिडवे बसून जुन्या रेकॉर्डींची एक पेटी उपसत होता. रद्दीवाला त्या किलोवर विकत होता. मी तराजू जप्त करायला काढला, तेव्हा घाबरला तो, तुम्ही मात्र वर न बघता म्हणालात, “साहेब, पंचनामा सावकाश करा. आधी ही पेटी सावलीत घ्यायला सांगा, खालच्या वाकायला लागल्यात.” सरकारी कामात असा अडथळा मला पूर्वी कोणी आणला नव्हता. पेटी मीच सावलीत ओढली.

तुमच्या हातात तेव्हा चित्रपटाच्या संवादांची एक रेकॉर्ड होती. संवादांच्या रेकॉर्डी कोण घेते, असे मी विचारले. तुम्ही म्हणालात, संवाद मरू देत, त्यांच्या खाली जे वाजते ते दुसरीकडे कुठे मिळते? मी चाट पडलो. गाणी जमवणारी माणसे मी शेकड्यांनी पाहिली होती. गाण्यांच्या मधले, संवादांच्या खालचे, पडद्यावर नावे येत असताना वाजणारे संगीत जमवणारा मी एकटाच आहे, अशी माझी समजूत होती. तिथेच उभ्या उभ्या मी तुम्हाला सांगितले की तरुणपणी कल्याणच्या एका थिएटरात एक चित्रपट पाहिला. तो कोणाला आठवतही नाही, पण त्यातल्या एका क्लॅरिनेटने मला या नादाला लावले. ती सुरावट मी तुम्हाला गुणगुणून दाखवली. तुमचा पेटीतला हात थांबला. मग विचारलेत, “कितव्या दिवशी पाहिलात?” मी म्हणालो, दुसरा आठवडा असावा, रविवार दुपार. “असंच वाजलं होतं?” असेच, मी म्हणालो. तुम्ही हसलात आणि सांगितलेत की त्या वेळी त्या थिएटरात प्रोजेक्टर चालवणारा ऑपरेटर तुम्हीच होता.

आपल्या दोघांचे ऐकणे कधीच एक नव्हते. मी वाद्ये ओळखायचो, राग लावायचो, ताल मोजायचो. तुम्ही रीळ आणि मिनिट सांगायचात. प्रत्येक चित्रपट तुम्ही दिवसाला चार वेळा केबिनमधून ऐकलेला. चित्राकडे लक्ष द्यायची गरज नाही, पण रीळ कधी संपते हे कानाने कळायलाच हवे. त्यामुळे एखादी रेकॉर्ड लावली की तुम्ही म्हणणार, “चौथं रीळ, सातवं मिनिट. आता गाडी येईल.” गाडी येत नसे, कारण रेकॉर्डवर नुसते संगीत असे, पण ढोलकांचा गडगडाट बरोबर त्या क्षणी सुरू होई. आपण दोघांनी वेगवेगळ्या वह्या ठेवल्या. एकाच चित्रपटाच्या नोंदी शेजारी ठेवल्या, तर दोन माणसांनी एकच गोष्ट ऐकली आहे यावर कोणी विश्वास ठेवला नसता.

डोंबिवलीला आमच्याकडे, महिन्यातून दोन रविवार, सकाळी साडेनऊ. रेकॉर्डची बाजू संपत आली की तुम्ही खुर्चीवरून उठायचात. सवयीने. पुढचे रीळ लावलेल्या दुसऱ्या यंत्राकडे जाण्याची वेळ झालेली असायची. माझी पत्नी चहा घेऊन येताना म्हणायची, “बसा हो गायकवाड, इथे दुसरं मशीन नाही.” तुम्ही ओशाळून बसायचात आणि पुढच्या बाजूला पुन्हा उठायचात. तिने हे वाक्य तीस वर्षांत किती वेळा म्हटले असेल, ते मोजायचे राहिले.

जुन्या ध्वनिमुद्रणांची पुनर्मुद्रणे यायला लागली, तेव्हा आपले वाद वाढले. नव्या आवृत्त्यांतून खरखर धुऊन काढलेली असे. ती काढलीच पाहिजे, असे माझे मत. खरखर म्हणजे संगीत नव्हे, ती मापातली भेसळ आहे. तुम्ही म्हणायचात, खरखर काढली की हॉल जातो. कोणता हॉल, मी विचारायचो, हे स्टुडिओत मुद्रित झाले आहे. हा वाद अपुरा राहिला आहे. माझी बाजू अजूनही बरोबर आहे, असे मला वाटते. पूर्वीइतके ठामपणे वाटत नाही.

आपल्या त्या चित्रपटाची अवस्था आपण दोघे जाणत होतो. तो चालला नाही. कल्याणला कसाबसा दोन आठवडे टिकला. त्याच्या प्रिंटा चांदी काढण्यासाठी वितळवल्या गेल्या, निगेटिव्ह नष्ट झाली, दूरदर्शनवर तो कधी आला नाही. शीर्षकसंगीताची एक छोटी रेकॉर्ड तेवढी निघाली होती. ती मिळवायला तुम्हाला सहा वर्षे आणि मला नऊ वर्षे लागली. म्हणून स्टुडिओतल्या मूळ ध्वनिफिती सापडल्या आहेत आणि त्यांचा संच निघणार आहे, टिपण तुम्ही लिहा, असे त्या बाईंनी मला कळवले, तेव्हा मी निवृत्तीनंतर प्रथमच दुपारी झोपलो नाही. टिपण आठ दिवसांत लिहिले. तुम्हाला आधी दाखवले नाही. छापून आल्यावर हातात ठेवायचे होते.

तो रविवार मला तपशिलाने आठवतो, कारण त्या दिवशी मी जसा वागलो त्याचा पंचनामा मी नंतर अनेकदा केला आहे.

तुमचे “ते मी कापलंय” ऐकून मी हसलो. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही सांगितलेत की पाचव्या दिवशी पहिल्या खेळाला सातव्या रिळात फिल्म यंत्राच्या गेटमध्ये, दिव्यासमोरच्या खाचेत, अडकून फाटली. जेवढ्या भागाची कडेची भोके गेली होती तेवढा कापून तुम्ही जोड दिला. “सव्वादोन फूट,” तुम्ही म्हणालात. मी मनात गणित केले. एका फुटात चित्राच्या सोळा चौकटी, सेकंदाला चोवीस. सव्वादोन फूट म्हणजे दीड सेकंद. सुरावटीतून गेलेले स्वर साधारण तेवढ्याच वेळाचे होते. हे मला दिसले, आणि दिसल्यामुळेच मी चिडलो.

मी म्हणालो, संच मूळ ध्वनिफितीवरून काढला आहे, कल्याणच्या प्रिंटवरून नव्हे. तुम्ही म्हणालात, बाकीचा असेल, आत्ता ऐकला तो तुकडा प्रिंटवरचाच आहे, माझा जोड मी ओळखतो. मग तुम्ही मला ते समजावून सांगितलेत, तुमच्या शांत पद्धतीने, टेबलावर बोटाने रेघ ओढत. फिल्मवर चित्र आणि आवाज शेजारी छापलेले असतात, पण एका क्षणाचे नसतात. यंत्रात पट्टी आधी दिव्यासमोर येते. वीस चौकटी खाली सरकल्यावर तिच्यावरचा आवाज वाचला जातो. म्हणून जोड आला की आधी चित्र उडते, आवाज त्यानंतर.

“कुठे प्रिंट मिळाली तर बघा,” तुम्ही म्हणालात. “बाईचा हात कडीवर असेल. दुसऱ्या क्षणाला बाई अंगणात. म्युझिक त्यानंतर उडेल, आधी नाही. त्यांनी मुद्दाम गाळलं असतं, तर चित्र कशाला उडेल?”

“पन्नास वर्षांपूर्वीची आठवण म्हणजे पुरावा नव्हे, गायकवाड. तोंडी वजन आमच्या खात्यात चालत नाही.”

“तुमच्या खात्याचं राहू द्या. तुमच्यापुरतं होतं तोवर मी बोललो नाही. आता ते त्यांच्या नावावर चढलंय.”

‘त्यांच्या’ म्हणजे संगीतकाराच्या. तुम्ही त्यांचे नाव कधी घेत नव्हता, घरातल्या वडीलधाऱ्याचे घेत नाहीत तसे.

मी पुस्तिका मिटून ठेवली. तेव्हा तुम्ही खुर्ची थोडी पुढे ओढलीत. “मग कानाने तरी घ्या, साहेब. मधलं अख्खं आहे माझ्याकडे. सोळा वेळा ऐकलंय. वाजवून दाखवतो.” आणि तुम्ही शिट्टीसाठी ओठ जुळवलेत.

मी म्हणालो, “नको.”

तुम्ही ओठ सोडलेत. “बरं,” म्हणालात. चहा संपवलात, कप बशीत नीट ठेवलात आणि नेहमीच्या वेळेच्या तासभर आधी निघालात.

एक गोष्ट इथेच नोंदवून ठेवतो. त्याच टिपणात क्लॅरिनेट वाजवणाऱ्या कलावंताची माहिती मी पुण्याच्या एका प्राध्यापकांकडून घेतली होती. त्यांनीही ती आठवणीतूनच सांगितली होती. त्यांच्याकडे मी पुरावा मागितला नव्हता. तुमच्याकडे मागितला. यामागचे कारण मी पुष्कळ शोधले. जे सापडले ते मला शोभणारे नाही.

त्यानंतर तुम्ही आला नाहीत, मी बोलावले नाही. दोन महिन्यांनी एकदा तुमचा फोन आला. सुई किती तासांनी बदलायची, असे विचारलेत. हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. मी म्हणालो, पाचशे. तुम्ही म्हणालात, बरं. मग दोघेही थोडा वेळ फोन धरून राहिलो. मी काही बोलावे याची तुम्ही वाट पाहत होता, की मी तुमची, ते मला अजून उमगलेले नाही. फोन आधी मी ठेवला.

आणि मग एका मंगळवारी सकाळी सुजाताचा फोन. “काका, बाबा गेले.” झोपेत गेलात, एवढेच तिने सांगितले. मी तिला वेळ विचारली. दुसरे काही विचारायचे मला सुचले नाही.

पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला कोलशेतला आलो. ठाणे स्टेशनाबाहेरून बस धरली. तुमचे मुलीकडचे घर मी तोवर पाहिले नव्हते. तुम्ही इकडे राहायला आल्यावर दोनदा बोलावले होतेत, मी लांब पडते म्हणालो होतो. अठरावा मजला. खिडकीतून खाडी आणि तिवरे दिसतात. विठ्ठलवाडीच्या चाळीतून इथवर आलेला माणूस खिडकीपाशी खुर्ची टाकून बसत असेल, असे मला वाटले होते. सुजाता म्हणाली, बाबा खिडकीकडे पाठ करून बसायचे. उजेडाने रेकॉर्डवरचा चरा दिसतो पण गाणे ऐकू येत नाही, असे म्हणायचे. तुमच्या फोटोपुढे मेणबत्त्या लावलेल्या होत्या. पांढऱ्या कपड्यांतली माणसे त्रिसरण-पंचशील म्हणत होती, आणि मला ते पाठ नसल्याने मी नुसता हात जोडून उभा होतो.

मंडळी पांगल्यावर सुजाताने मला आतल्या खोलीत बसवले आणि सरळ विचारले, “काका, बाबांचं आणि तुमचं काय बिनसलं होतं?”

एका क्लॅरिनेटवरून, मी म्हणालो.

रडून डोळे सुजले होते तिचे, तरी ती हसली. “ते तुटलेलं? त्याचं काय एवढं?” मग तिने जे सांगितले ते तुम्ही मला कधी सांगितले नव्हते. तुम्ही त्या वेळी चोवीस वर्षांचे होता. ती सुरावट तुम्हाला इतकी आवडायची की ती आली की केबिनमध्ये डोळे मिटून ऐकत राहायचात. पाचव्या दिवशी तसेच ऐकत होता, म्हणून पट्टी अडकल्याचे वेळेवर कळले नाही. “बाबा म्हणायचे, दुसरं कुठलं म्युझिक असतं तर फिल्म फाटलीच नसती. आवडत होतं म्हणून तुटलं.”

आणि पुढे? मी विचारले.

“पुढे पिक्चर उतरेपर्यंत रोज चारही खेळांना ती जागा आली की बाबा तेवढ्यापुरती शिट्टी वाजवायचे. केबिनमध्ये. हॉलमध्ये काय ऐकू जाणार, मध्ये काच, वर मशीनचा आवाज. मी विचारलेलं एकदा, मग वाजवायचात कोणासाठी? तर म्हणाले, त्यांचं आहे ना ते, रिकामं कसं जाऊ द्यायचं.”

मी लगेच विचारले, तुला येते का ती? मधली, अख्खी?

तिने डोळे मिटून गुणगुणून पाहिले. सुरावट चढली, वर गेली, आणि खंड घेऊन थेट उतरणीला लागली. अगदी रेकॉर्डप्रमाणे. तिच्याही ते लक्षात आले. “मला रेकॉर्डवालंच येतं, काका. तुम्ही तो संच दिल्यापासून बाबा रोज तेच लावायचे. शिट्टी मारायचे मध्ये, दाढी करताना वगैरे. पण मी कधी नीट ऐकलीच नाही.”

मी म्हणालो, साहजिक आहे. मला तसे म्हणण्याचा अधिकार नव्हता.

घरी आल्यावर मी त्या बाईंना फोन केला. सातवे रीळ कशावरून घेतले आहे, असे विचारले. त्यांनी मोकळेपणाने सांगितले की सातव्या रिळाच्या ध्वनिफितीला बुरशी लागली होती, म्हणून तेवढा भाग एका गोदामात मिळालेल्या एकमेव प्रिंटवरून घेतला. त्यात काय विशेष, असे वाटल्याने पुस्तिकेत लिहिले नाही. मी त्यांच्याकडे त्या रिळाचे चित्र मागितले. त्यांनी ते संगणकावर पाठवून दिले.

गायकवाड, मी ते बेचाळीस वेळा पाहिले. विराम-घड्याळ घेऊन. बाईचा हात कडीवर येतो. पुढच्या क्षणाला बाई अंगणात असते. क्लॅरिनेट मात्र काही घडलेच नाही अशा थाटात चढत राहते, आणि मग उडते. मधले अंतर दर वेळी सेकंदाच्या आठ-दशांशाच्या आसपास भरले. वीस चौकटींना तेवढाच वेळ लागतो. तुम्ही टेबलावर रेघ ओढून सांगितले होते ते अक्षरशः खरे होते, आणि ते तुम्ही प्रिंट न पाहता, पन्नास वर्षांनंतर सांगितले होते. तराजूचा संशय घेऊन दुकानात शिरावे, प्रमाणित वजने लावून तपासावे आणि तो गुंजभरही चुकत नाही असे निघावे, असे नोकरीत काही वेळा झाले होते. तेव्हा ‘तपासले, बरोबर आढळले’ असे लिहून खाली सही करायची असते. दुकानदाराची क्षमा मागण्याची तरतूद नियमांत नाही.

मग मी एक आकडेमोड केली, जी मी आधीच करायला हवी होती. दोन आठवडे, रोज चार खेळ, म्हणजे छप्पन्न. पहिल्या चार दिवसांचे सोळा अखंड. सतराव्यात फाटली. उरले एकोणचाळीस. मी दुसऱ्या आठवड्यातल्या रविवारी दुपारी खाली बसलो होतो. म्हणजे त्या एकोणचाळिसांपैकी एका खेळाला. ज्या रिकाम्या जागेवर माझा जीव जडला, ती जागा त्याच क्षणी, माझ्या डोक्यावर, काचेपलीकडे तुम्ही भरत होता.

आणि रद्दीच्या दुकानात मी ती सुरावट गुणगुणलो, तेव्हा तुम्हाला हे सगळे तत्काळ कळले. कितव्या दिवशी पाहिलात, हा प्रश्न त्यासाठीच होता. माझ्या या साऱ्या नादाचे मूळ तुमच्या हातची कात्री आहे, हे जाणूनही तुम्ही तीस वर्षे मला ते सांगितले नाहीत. सांगितले असते तर मी काय केले असते? मला कुतूहल आहे. कदाचित मी टपाल तिकिटे जमवली असती.

गेले दहा दिवस मी बाजाच्या पेटीपुढे बसून त्या गेलेल्या स्वरांचा शोध घेतो आहे. चढ कोणत्या स्वरावर तुटतो हे ठाऊक आहे, उतार कोणत्या स्वरावर लागतो तेही ठाऊक आहे. मध्ये सहा मात्रा बसतात. संगीतकाराच्या इतर चित्रपटांतल्या सवयी पाहता आठ शक्यता निघतात. आठही वाजवून पाहिल्या. दोन अशक्य आहेत, चार सामान्य आहेत. उरलेल्या दोनपैकी एक मला पटते, पण ती मला पटते म्हणूनच मी तिच्यावर विश्वास ठेवत नाही. ती वरच्या षड्जावर थांबते की तिथे स्पर्श करून परत फिरते? मींड होती का? तुम्हाला विचारले असते, तर दीड सेकंदात उत्तर मिळाले असते. परवा पत्नी दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “माणूस गेला आणि तुम्ही अजून मोजताय.” तिचे बरोबर आहे. मोजल्याशिवाय मला दुसरे काही करता येत नाही, हेही तिला ठाऊक आहे.

एक कबुली आहे, ती फक्त तुमच्यासाठी. जोड आहे हे आता सिद्ध झाले, तरी तो खंड मला अजूनही सुंदर वाटतो. ऐकताना अंगावर तसाच काटा येतो. हे संगीत मग कोणाचे? त्यांनी जे लिहिले ते मी ऐकलेले नाही. मी जे ऐकले ते कोणी लिहिलेले नाही. यावर आपण एक अख्खा रविवार भांडलो असतो, आणि तुम्ही शेवटी म्हणाला असतात की साहेब, चहा गार झाला.

इथवर मंगळवारी लिहून थांबलो होतो. बुधवारी मी परिच्छेद काढून टाकला आणि त्या जागी हे लिहून पाठवले:

‘सातव्या रिळातील क्लॅरिनेटच्या सुरावटीत आढळणारा खंड संगीतकाराचा नाही. हा भाग ज्या प्रिंटवरून घेतला आहे, ती कल्याण येथील थिएटरात दाखवली जात असताना फाटली, आणि जोड देताना सव्वादोन फूट फिल्म कापावी लागली. ही माहिती त्या वेळचे ऑपरेटर कालकथित गायकवाड यांनी दिली; ती तपासून पाहता अचूक आढळली. पहिल्या आवृत्तीत प्रस्तुत लेखकाने या खंडाचे श्रेय संगीतकाराच्या प्रतिभेला दिले होते. ते विवेचन चुकीचे होते. कापले गेलेले स्वर गायकवाड यांना मुखोद्गत होते. ते ऐकवण्यास ते तयार होते. लेखकाने नको म्हटले.’

काल त्या बाईंचा फोन आला. चांगल्या आहेत, आदराने बोलतात. मजकूर मिळाला, दुरुस्ती महत्त्वाची आहे, गायकवाडांचे नाव पुस्तिकेच्या पहिल्या पानावर आभारातही घेऊ, असे म्हणाल्या. मग थोडे अडखळून त्यांनी विचारले की शेवटचे वाक्य श्रोत्यांच्या दृष्टीने तितके आवश्यक नाही आणि तुम्हालाही ते बरे दिसत नाही, तर तेवढे काढले तर चालेल का.

मी म्हणालो, नाही. या जागेतून आता आणखी काही कापायचे नाही.